भाडं भरतेस ना? मग पाहुणी कशाला?

ताई,

मी २८ वर्षांची आहे. नोकरी सोडून पाच महिने पाठीवर सॅक घेऊन फिरले. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, इंडोनेशिया करत शेवटी मेलबर्नला आले. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसासाठी सोडतीत माझं नाव लागलं होतं, म्हणून इथे काही महिने काम करायचं, पैसे साठवायचे आणि पुढे निघायचं असा बेत. दोन आठवडे हॉस्टेलमध्ये काढले आणि मग ब्रन्सविक या उपनगरात एका शेअर हाउसमध्ये खोली घेतली. माझ्याशिवाय चौघे आहेत. आठवड्याला २७० डॉलर भाडं. घराचा भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्याला चार आठवड्यांचा बाँड, म्हणजे अनामत, म्हणून १०८० डॉलर रोख दिले. पावती मिळाली नाही आणि मागायला कसंतरी वाटलं.

तीन आठवडे होऊन गेले. कोणी वाईट वागत नाही. पण मी अजून सॅक रिकामी केलेली नाही. सगळे झोपल्यावर अंघोळ करते, जेवण खोलीत नेऊन खाते. फ्रिजमध्ये मला अर्धा कप्पा आहे आणि माझं दूध कोणीतरी वापरतं. त्यांचे विनोद कळेपर्यंत विषय बदललेला असतो. जून महिना आहे, म्हणजे इथला हिवाळा, खोली बर्फासारखी गार आहे, पण हॉलमधला हीटर लावायचं धाडस होत नाही. हॉस्टेलमध्ये एका संध्याकाळीत मैत्रिणी व्हायच्या, इथे जमतच नाही. मित्रमंडळी विचारतात, आता पुढे कुठे? मला वाटतं माझा प्रवासही थांबला आणि घरही मिळालं नाही. परत हॉस्टेलला जाऊ का? आणि आता, इतक्या उशिरा पावती मागणं उद्धटपणाचं दिसेल का?

– खोलीतली पाहुणी

प्रिय पाहुणी,

तुझं पत्र वाचून मला पहिली काळजी तुझ्या मनाची वाटली नाही, त्या १०८० डॉलरची वाटली. म्हणून आधी पैशाचं बोलू, बाकीचं नंतर.

पावती मागणं उद्धटपणाचं नाही, आणि उशीरही झालेला नाही. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे भाड्याच्या घराचा बाँड कोणाच्या खिशात राहत नाही, निदान राहू नये असा कायदा आहे. तो रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड अथॉरिटी या सरकारी यंत्रणेकडे भरायचा असतो. तिथे सगळे तिला आरटीबीए म्हणतात. ज्याने बाँड घेतला त्याने तो कामकाजाच्या १० दिवसांत तिथे जमा करायचा आणि जमा झाला की आरटीबीए भाडेकरूला थेट कळवते. तुला तीन आठवडे झाले, म्हणजे ते दहा दिवस कधीच उलटले. आतापर्यंत तुझ्या ईमेलमध्ये काहीतरी यायला हवं होतं. आधी स्पॅमचं फोल्डर उघडून बघ.

नसेल आलं तर लगेच त्या माणसाला लबाड ठरवू नकोस. शेअर हाउसमध्ये नेहमी घडतं ते असं: मूळ भाडेकरूंनी कधीतरी एकत्र बाँड भरलेला असतो. मग एक जण घर सोडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. नवा माणूस जुन्याला त्याच्या वाट्याचे पैसे देतो आणि आरटीबीएच्या नोंदीत नाव बदलायचं सगळ्यांच्याच ध्यानातून जातं. तुझे पैसे बहुधा तुझ्या आधी त्या खोलीत राहिलेल्या माणसाला गेले असतील. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण सहा महिन्यांनी तू निघशील तेव्हा सरकारी नोंदीत तुझ्याऐवजी त्याचं नाव असेल, आणि तो तोवर कुठल्या कुठे गेलेला असेल. भाडेकरूंची अदलाबदल नोंदवायची सोय आरटीबीएकडे आहे. ती वापरायला फक्त कोणीतरी आठवण करून द्यावी लागते, आणि ती तूच द्यायची आहेस.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. या घरात कायद्याच्या नजरेने तू कोण आहेस? तीन शक्यता आहेत. मूळ करारावर तुझं नाव चढवलं असेल तर तू सहभाडेकरू. नाव बाँड घेणाऱ्याचंच असेल आणि त्याने तुला खोली पोटभाड्याने दिली असेल तर तू पोटभाडेकरू, आणि तुझ्यापुरता तोच घरमालक. मग मालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या, बाँड भरण्याचीही, त्याच्यावर येतात. मात्र असं पोटभाड्याने देण्यासाठी त्याच्याकडे मूळ मालकाची लेखी परवानगी हवी. तिसरी शक्यता सगळ्यात कच्ची: खोलीवर तुझा स्वतंत्र ताबा असा काही ठरलेलाच नाही, तुला नुसती राहायची परवानगी आहे. या तिसऱ्या प्रकारात भाडेकरू कायद्याचं संरक्षण मिळत नाही. बरेचसे सॅकवाले नकळत याच प्रकारात राहत असतात, कारण सगळा व्यवहार तोंडी आणि रोखीत झालेला असतो. तू कुठल्या प्रकारात मोडतेस हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, तुलाही बहुधा माहीत नाही. म्हणून विचार.

समोरासमोर बोलायला जड जात असेल तर मेसेज कर. मेसेजचा फायदा असा की तो राहतो. साधारण असं लिही: ‘अमुक तारखेला मी तुला १०८० डॉलर बाँड रोख दिला. आरटीबीएकडून मला अजून काही आलं नाही. तो जमा झालाय की आधीच्या माणसाच्या नावावरून माझ्या नावावर करायचाय? फॉर्म भरायचा असेल तर या आठवड्यात बसून करू या. आणि माझ्या खोलीचा एक छोटा लेखी करारही करून टाकू या.’ एवढंच. माफी नाही, ‘प्लीज राग मानू नकोस’ नाही, तीन स्मायली नाहीत. त्याने ‘हो, पैसे मिळाले’ एवढं उत्तर दिलं तरी रोख दिलेल्या पैशांचा पहिला लेखी पुरावा तुझ्या हातात आला. यापुढे भाडं रोखीत देऊच नकोस. बँकेतून पाठव आणि तपशिलात कुठल्या आठवड्याचं भाडं ते लिही.

भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तू पावती मागितली नाहीस, कारण त्याला वाटेल हिचा आपल्यावर विश्वास नाही. पण चार आठवड्यांचं भाडं अनोळखी माणसाच्या हातावर रोख ठेवून गप्प बसणारी मुलगी बघून त्याला तुझ्या विश्वासाचं कौतुक वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याला फार तर एवढंच वाटलं असेल की हिला इथले नियम ठाऊक नाहीत.

याच संध्याकाळी खोलीचे फोटो काढ. गालिच्यावरचे डाग, खिडकीची तडकलेली काच, भिंतीवरचे ओलीचे ठिपके, कपाटाचं न लागणारं दार. ते स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारीख आपोआप पडेल. खरं तर बाँड घेताना खोलीच्या स्थितीचा अहवाल द्यायचा असतो आणि आत राहायला आल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत आपण तो तपासून, भर घालून परत द्यायचा असतो. तुला तो मिळालेला दिसत नाही. फोटो ही त्यावरची तोकडी पण उपयोगी तोड आहे.

तो टाळाटाळ करू लागला, किंवा ‘आमच्या घरात असलं काही नसतं’ म्हणाला, तर टेनंट्स व्हिक्टोरिया ही भाडेकरूंना कायदेशीर मदत करणारी संस्था आहे, आणि कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया हे सरकारी खातं आहे. तिथे विचारायला नागरिक असावं लागत नाही.

आणखी एक हिशेब, कारण नवीन आलेले सगळे यात फसतात. आठवड्याला २७० म्हणजे महिन्याला १०८० नव्हे. वर्षाचे आठवडे ५२, त्यांना बाराने भाग, महिना पडतो ११७०. शिवाय वीज, गॅस आणि इंटरनेट यात धरलेत की वेगळे, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. वेगळे असतील तर हिवाळ्याचं बिल बघून दचकशील, तेव्हा आधीच विचारून ठेव.

आता घराचं. परत हॉस्टेलला जाऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर: नको, एवढ्यात तरी नको. एक अपवाद आहे. खोलीला आतून कडी नसेल, कोणी न विचारता आत येत असेल, घरात कोणाचं वागणं तुला घाबरवत असेल, तर सल्ला वाचत बसू नकोस, सॅक उचल आणि नीघ. बाँड मागाहून भांडून घेता येतो. पण तूच लिहितेस की कोणी वाईट वागत नाही. तुला त्रास आहे तो अंग चोरून राहण्याचा, आणि तो हॉस्टेलला गेल्याने जाणार नाही. तिथे तो फक्त जाणवणार नाही, कारण हॉस्टेलमध्ये सगळेच अंग चोरून राहतात.

हॉस्टेलमध्ये एका संध्याकाळीत मैत्री होते याचं कारण सोपं आहे, सकाळी कोणीतरी निघणार असतं. वेळ कमी, म्हणून माणूस भराभर मोकळा होतो. घरात उद्याही तीच माणसं त्याच स्वयंपाकघरात भेटणार असतात, म्हणून कोणी घाई करत नाही. तू पाच महिने त्या घाईच्या मैत्रीला सरावलीस, आता हा सावकाश वेग तुला नकार वाटतोय. त्या चौघांच्या बाजूनेही जरा बघ. एक नवी मुलगी आली. ती कामावरून येते, हसते, ताट घेऊन खोलीत जाते, दार लावते. बंद दाराचा अर्थ त्या घरात ‘मला एकटीला राहू द्या’ असा घेतला जातो. ते तुझं ऐकतायत. तुला वाटतंय ते तुला बोलवत नाहीत, त्यांना वाटतंय तुला यायचं नाही. असं किती दिवस चालेल? कोणीच काही केलं नाही तर तू घर सोडेपर्यंत.

म्हणून सुरुवात दारापासून. घरी असशील आणि कपडे बदलत किंवा झोपत नसशील तेव्हा दार अर्धं उघडं ठेव. जेवण टेबलावर बसून जेव, एकटी असलीस तरी. पहिल्या दोन वेळा अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. तिसऱ्या वेळी कोणीतरी समोर खुर्ची ओढून बसेल, किंवा नाही बसणार. पण तू स्वयंपाकघरात दिसणारी माणूस होशील, आणि घरातली सगळी बोलणी तिथेच होतात. विनोद कळत नाहीत म्हणून संकोचू नकोस. ते एकमेकांना वर्षभर ओळखत असतील तर त्यांचे विनोद त्यांच्या वर्षाचे आहेत. ‘हे काय होतं, मला सांगा ना’ असं म्हणणाऱ्याला लोक आनंदाने गोष्ट सांगतात.

एक चूक मात्र करू नकोस, आणि ती करायचा मोह तुला होणार हे पत्रावरून दिसतंय. एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी मोठा स्वयंपाक करून मनं जिंकायला जाऊ नकोस. निदान पहिली गोष्ट म्हणून नको. ते खूश होतील, वा वा करतील, आणि तू घरातली ‘छान स्वयंपाक करणारी गोड मुलगी’ होशील. तीही पाहुणीच, फक्त जास्त कष्ट करणारी. पुढच्या रविवारी तुला पुन्हा करावंसं वाटेल, त्याच्या पुढच्या रविवारी करावंच लागेल, आणि दुधाचा विषय काढणं आणखी अवघड होऊन बसेल.

त्याऐवजी कचऱ्याचं काम अंगावर घे. हसू नकोस. व्हिक्टोरियात कचऱ्याच्या बिनांच्या झाकणांचे रंग ठरलेले आहेत: लाल म्हणजे इतर कचरा, पिवळं म्हणजे पुनर्वापराचं सामान, हिरवं म्हणजे अन्न आणि बागेतला कचरा, जांभळं म्हणजे काच. कुठली बिन कधी उचलणार हे कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, ठरवते, तुमची कौन्सिल मेरी-बेक. सगळ्या बिन एकाच दिवशी उचलल्या जात नाहीत, काही आठवड्याला तर काही त्याहून विरळ. आदल्या रात्री त्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायच्या असतात. त्याला बिन नाइट म्हणतात, आणि माझ्या मते कुठल्याही शेअर हाउसमधली खरी भांडणं प्रेमावरून नाही, या रात्रीवरून होतात. आज कुठली बिन, हे घरात एकाला तरी नक्की माहीत असावं लागतं. कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की वेळापत्रक मिळतं. ते फोनमध्ये घाल आणि ग्रुपवर सांगून टाक की बिनांचं मी बघते. महिन्याभरात लोक तुला विचारायला लागतील. घरात ज्याला काहीतरी विचारावं लागतं तो पाहुणा राहत नाही. आणि तू एक काम घेतलंस की बाथरूम कोण घासतं, हे विचारायचा तुला हक्क मिळतो. साफसफाईचं वेळापत्रक आहे का, माझं नाव त्यात कुठे आहे, असं सरळ विचार. नाव नसेल तर घालून घे. पाच महिने हॉस्टेलमध्ये पगारी माणसं साफसफाई करत होती, ही सवय तुलाही मोडायची आहे, हे जाता जाता सांगते.

आता दूध. फ्रिजवर चिठ्ठी लावू नकोस. चिठ्ठी चौघांनाही लागते, ज्याने दूध घेतलं त्याला सोडून. तक्रारही करू नकोस. विचार, की या घरात सामायिक काय काय आहे? पुष्कळ घरांत तेल, मीठ, भांडी घासायचा साबण, टॉयलेट पेपर सगळ्यांचा असतो, काही घरांत दूधही. कदाचित त्यांच्या मते दूध सामायिकच आहे आणि तू त्यांचं का वापरत नाहीस याचं त्यांना नवल वाटत असेल. सामायिक नसेल तर तिथल्या तिथे सांग, ‘मग माझं दूध मला लागतं, कामावर जायच्या आधी संपलेलं असतं.’ त्याच दमात पूर्ण कप्पा माग. पाच माणसांच्या घरात पाचव्याला अर्धा कप्पा हा काही नियम नसतो. तुझ्या आधीच्याने मागितला नाही एवढाच त्याचा अर्थ. सामायिक खर्चासाठी स्प्लिटवाइजसारखं ॲप आधीच वापरत असतील तर त्यात तुला घ्यायला सांग. वापरत नसतील तर तूच सुचव. तोंडी हिशेबात नव्या माणसाचं नेहमी नुकसान होतं.

हीटरचं तर मला आश्चर्यच वाटलं. इंडोनेशियातून थेट मेलबर्नच्या गारठ्यात आल्यावर थंडी वाजणारच. तिथे जुलैत रात्रीचं तापमान ६-७ अंशांवर येतं आणि दुपारी जेमतेम १४ पर्यंत चढतं. आकडे ऐकायला भीतिदायक नाहीत, पण तिथली जुनी लाकडी घरं फटींची असतात, एकेरी काचेच्या खिडक्यांची असतात, आणि आत बसून बाहेरच्यापेक्षा जास्त गार वाटतं. व्हिक्टोरियात भाड्याच्या घराच्या किमान अटींमध्ये मुख्य बैठकीच्या खोलीत बसवलेला, चालू हीटर असलाच पाहिजे अशी अट आहे. म्हणजे तुला जे लावायचं धाडस होत नाही, ते त्या घरात असावं असं सरकारने लिहून ठेवलंय. हॉलमध्ये येऊन हीटर लाव आणि तिथे बस. कोणी म्हणालं की बिल फार येतं, तर किती तास लावायचा ते ठरवा, तो रास्त विषय आहे. झोपायच्या खोलीत मात्र हीटर असलाच पाहिजे असं बंधन नाही. त्यासाठी जाड डूना घे. तिथे पांघरुणाच्या जाड दुलईला डूना म्हणतात. नवा घ्यायची गरज नाही, ब्रन्सविकच्या सिडनी रोडवर ऑप शॉप आहेत, धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं. तिथे डूना, दिवा, छोटं टेबल सगळं मिळतं. ओला टॉवेल खोलीत वाळवू नकोस आणि सकाळी थोडा वेळ खिडकी उघड, नाहीतर भिंतीला बुरशी धरेल. बुरशी आधीच असेल तर तो तुझा दोष नाही, फोटो काढून लेखी कळव. लोक रस्त्यावर सोडून दिलेलं फर्निचर उचलायला हरकत नाही, गादी किंवा सोफा मात्र कधीच उचलू नकोस. ढेकूण काय असतात ते हॉस्टेलांतून पाच महिने फिरलेल्या मुलीला मी वेगळं सांगायला नको.

सॅक आज रिकामी कर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ठीक आहे, पण विंचूसुद्धा दगडाखाली बसला की बसतो. कपडे कपाटात, कागदपत्रं एका खणात, टूथब्रश बाथरूममध्ये. हो, अंघोळीची पिशवी दर वेळी खोलीत परत नेत असशील तर ती सवय सोड, बाथरूममध्ये एक फळी माग. सॅक दिसणार नाही अशा जागी टाक. हे सगळं पुन्हा भरायला तुला एक तास लागेल. त्या एका तासाची सोय म्हणून तीन आठवडे तू सामानाच्या ढिगातून मोजे शोधते आहेस.

अंघोळीची वेळ: सकाळी कोण कधी निघतं ते विचारून घे आणि तुझी वेळ सांग. मध्यरात्री पाण्याचा आवाज करणं त्यांनाही आवडत नसेल.

घराबाहेरचंही काहीतरी तुझं असू दे, नाहीतर त्या चौघांवर फार भार पडेल. मैत्री त्यांच्याशीच झाली पाहिजे असं कुठे आहे? चांगले हाउसमेट आणि जिवलग मित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मिळाल्या की पुष्कळ. ब्रन्सविकच्या वाचनालयाचं सभासदत्व फुकट आहे, तिथे उबेत बसता येतं. मेरी क्रीक या ओढ्याच्या काठाने चालायला वाट आहे. ब्रन्सविक ईस्टला सेरेस म्हणून पर्यावरण उद्यान आहे, तिथे स्वयंसेवकांना कामं मिळतात. एकोणीस नंबरची ट्राम सिडनी रोडवरून थेट शहरात जाते, पण दर सुटीच्या दिवशी शहरात पळू नकोस. त्याच त्या चार गल्ल्यांतून चाल. ओळखीचे चेहरे परिसरात लागतात, प्रेक्षणीय स्थळी नाही.

प्रवास थांबला म्हणतेस, त्याबद्दल फार लिहिणार नाही. रोज नवं गाव, नवी खाट, नवं चलन, रोज वीस छोटे निर्णय. पाच महिन्यांनी माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला कुठलीच जागा आवडत नाही. मित्रमंडळींना ‘पुढे कुठे’चं उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. ते ऑफिसात बसून तुझ्या फोटोंवर फिरतायत, त्यांची घाई त्यांना लखलाभ.

मात्र व्हिसाचा हिशेब तुला आत्ताच मांडावा लागेल, कारण खोलीचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. भारतीयांसाठी हा व्हिसा २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १००० जागा, आणि १८ ते ३० वयाची अट. देशात पाऊल ठेवल्यापासून तुला १२ महिने मिळाले आहेत. एका मालकाकडे साधारण सहाच महिने काम करता येतं, तेव्हा आत्ताची नोकरी कायमची धरून चालू नकोस. आणि दुसरं वर्ष हवं असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागांत करावं लागतं: शेतमळ्यांवरचं, किंवा उत्तरेकडच्या वा दुर्गम भागातलं हॉटेल-पर्यटनाचं, असं काही. मेलबर्न शहरातल्या कॅफेत कॉफी देऊन ते दिवस भरत नाहीत. हे लोकांना दहाव्या महिन्यात कळतं आणि मग धावपळ होते. तुझं वय बघता दुसऱ्या वर्षाचा विचार पुढे ढकलण्यासारखा नाही.

म्हणून घरातल्या कोणी प्रेमाने म्हटलं की मूळ करारावरच तुझं नाव चढवू या, तर आनंदून लगेच सही करू नकोस. नाव आलं की हक्क येतात तशी जबाबदारीही येते, आणि ती फक्त तुझ्या खोलीची नसते. सहभाडेकरूंपैकी एकाने भाडं थकवलं तर मालक पूर्ण रक्कम कोणाकडूनही मागू शकतो. वर्षभराच्या करारात अडकून तू शेतावर जाणार कशी? चार-सहा महिने राहायचं असेल तर साधा लेखी पोटभाडेकरार तुला पुरेसा आहे. त्यात भाडं, बाँड, बिलांचा वाटा आणि सोडायची नोटीस एवढं असलं तरी चालेल. मुदत न ठरवलेल्या करारात व्हिक्टोरियात भाडेकरूने २८ दिवसांची नोटीस द्यायची असते.

मळ्यावर जायचं ठरलंच तर खोली ठेवायची की सोडायची हे निघायच्या महिनाभर आधी घरात बोल. तीन महिन्यांसाठी दुसऱ्या कोणाला खोली द्यायची तर त्याचे पैसे कोण कोणाला देणार, तोपर्यंत बाँडवर नाव कोणाचं, आणि तू परत आल्यावर खोली तुझीच ना, हे मेसेजमध्ये लिहून घे. सामान मागे ठेवणार असशील तर कुठे, आणि त्याची जबाबदारी कोणावर, तेही.